तपास करणाराच दोषी आणि जागा बंद: टाकीनं त्याचा गुन्हा कसा दाखवावा?

अर्धी_ओळ

पंधरा हजार शब्दांच्या आसपासची दीर्घकथा हातात आहे. सांगाडा असा: नांगरावर उभं असलेलं मालवाहू जहाज. एका बॅलास्ट टाकीत (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती) बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, मेलेला सापडतो. कंपनीचा सुपरिंटेंडंट चौकशीसाठी चढतो. हाच माणूस नऊ वर्षांपूर्वी याच जहाजावर चीफ ऑफिसर होता, आणि तेव्हाही याच टाकीत एक खलाशी गेला होता. त्या दिवशी आतली हवा मोजलीच नव्हती. चीफ ऑफिसरनं परमिटवर, म्हणजे टाकीत उतरण्याच्या परवानगीपत्रावर, आकडे नुसते भरले, सही ठोकली आणि नंतर अहवालात कारण लिहिलं: शिडीवरून पाय घसरला. प्रकरण मिटलं. आता तोच माणूस त्याच टाकीच्या तोंडाशी तपासनीस म्हणून उभा आहे.

त्याचा गुन्हा टाकीतून बाहेर यायला हवा, कबुलीजबाबातून नाही. पण लिहायला बसलं की टाकी भलतीच बोलकी होते. अंधार, गंजाचे लाल ओघळ, घुमणारा आवाज, तळाच्या पाण्यात त्याचा चेहरा. पहिला मसुदा वाचणाऱ्यांनी तिसऱ्या पानावरच ओळखलं. ते सगळं छाटलं तर टाकी नुसता पडदा उरते. तो मृत्यू गच्चीवर घडवला असता तरी चाललं असतं.

तेव्हा जागा आणि गुन्हा यांचा सांधा कुठे घालायचा? वाचकाला कधी कळू द्यायचं? नऊ वर्षांनंतरही जहाजावर असं काय उरतं जे त्याला पुसता येत नाही? आणि अशा माणसाला कंपनी मुळात पाठवेल का, ही शंका आहेच. निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण सतत त्याच्याच खांद्याजवळून.

तिसरा_मसुदा

अंधार, घुमणारा आवाज आणि पाण्यातला चेहरा हे तिन्ही काढाच. ते कुठल्याही अपराध्याला आणि कुठल्याही बंद जागेला चालतात, म्हणून तर वाचक लगेच ओळखतो. तुमच्या टाकीचा खास गुण वेगळा आहे. ती बंद असताना ओलं लोखंड गंजतं आणि गंजताना आतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. कोणी काहीही न करता. तुमच्या माणसाचा गुन्हाही त्याच जातीचा आहे, करायची गोष्ट न करण्याचा. ही जुळणी कथेत एकाही वाक्यात उच्चारायची नाही. गंज हवा खातो एवढं मात्र वाचकाला पहिल्या चतुर्थांशातच कळलं पाहिजे, आणि तेही त्याच्याच तोंडून, एखाद्या कॅडेटला समजावताना, रूक्ष कामाच्या भाषेत.

तुमच्या मसुद्यात टाकी गुन्ह्याचं प्रतिबिंब आहे. ती गुन्ह्याचा परिणाम करा. त्यानं कारण खोटं लिहिलं, म्हणून उपायही खोटा झाला, म्हणून हवा मोजण्यातली ढिलाई तशीच राहिली, म्हणून बोसन मेला. मग दुसरा मृत्यू योगायोग राहत नाही. आता हे दिसायला एखादी वस्तू हवी. अहवालात 'पाय घसरला' असेल तर शिफारस काय असणार? शिडीला हातदांडी, पायऱ्यांना खरबरीत पट्टी. म्हणजे त्याचं खोटं आज त्या टाकीत वेल्ड होऊन बसलंय, आणि खाली उतरताना त्याला तेच धरावं लागतं.

वस्तू निवडली की तिला तीन फेऱ्या द्या, याच क्रमानं. पहिल्या फेरीत ती फक्त उपयोगी: तो दांडी धरून उतरतो, वाक्य तिथेच संपतं. दुसऱ्या फेरीत ती कुठेतरी खटकते: आत्ताचा चीफ ऑफिसर विचारतो की फक्त याच टाकीत दांडी का. तिसऱ्या फेरीत ती त्याच्याकडे वळते: दांडी शाबूत, पट्टी शाबूत, तरी बोसन शिडीच्या पायथ्याशी मेलेला. घसरणं हे कारण असतं तर हा माणूस मरायला नको होता. तीनपेक्षा जास्त फेऱ्या दिल्या की वस्तू मिरवायला लागते. दोनच दिल्या तर शेवटी लेखकानं खिशातून काढल्यासारखी वाटते.

वाचकाला कधी सांगायचं? तपास करणाराच गुन्हेगार निघू नये असा दंडक जुना आहे. रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाईन यांच्या १९२८ च्या वीस नियमांतला चौथा आणि रोनाल्ड नॉक्स यांच्या १९२९ च्या दहा नियमांतला सातवा नियम हाच. पण ते नियम कोड्यासाठी होते, जिथे वाचकाला डिटेक्टिव्हच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो. तुमची कथा कोडं नाही. शेवटच्या पानापर्यंत दडवलंत तर तुम्हालाही वाचकाशी खोटं बोलावं लागेल, कारण निवेदन त्याच्या डोक्याशेजारी बसलंय. पंधरा हजारांत सहा हजाराच्या सुमारास उघडा. उरलेल्या नऊ हजारांत 'कोणी केलं' ऐवजी 'आता हा काय लिहिणार' हा ताण चालतो, आणि तो जास्त टिकतो.

त्याआधीच्या सहा हजारांत दडवायचं फार कमी. तो याच जहाजावर होता, तेव्हा एक मृत्यू झाला होता, अहवाल त्यानं लिहिला होता, हे सगळं पहिल्या दोन पानांत उघड सांगून टाका. लपवायचं फक्त परमिटवरचे आकडे. उघड माहितीच्या ढिगात ती एकच गोष्ट आपोआप लपते.

'त्याच्या मनात काहीतरी चमकून गेलं', 'का कोण जाणे त्याला अस्वस्थ वाटलं' असली वाक्यं मात्र नकोत. ती वाचकाला डोळा मारतात आणि काही देत नाहीत. त्याऐवजी चांगल्या तपासनीसानं करायच्या दहा गोष्टींची यादी तुमच्या वहीत लिहा. त्यातल्या नऊ त्याच्याकडून नीट, बारकाईनं करवून घ्या. दहावी म्हणजे जुनी परमिटं मागवणं. ती दोन परिच्छेदांच्या फटीत पडू द्या. 'या वर्षाची सगळी परमिटं टेबलावर ठेवा,' तो म्हणतो. पहिल्या वाचनात हे वाक्य काटेकोर वाटतं, दुसऱ्या वाचनात पळवाट.

आणि अहवालाची भाषा वापरा. 'आढळून आले', 'नोंद घेण्यात आली', 'तपासणी झालेली होती'. कर्ता नसलेली वाक्यं त्याला पेशानं शिकवलेली आहेत, त्यामुळे ती संशयास्पद वाटत नाहीत. मग सहा हजाराच्या जागी एकदाच कर्त्यासकट वाक्य येऊ द्या: आकडे त्यानं भरले. तेवढं पुरे.

नांगरसाखळी

वरच्या प्रतिसादातला सांधा झकास आहे, पण 'फक्त याच टाकीत दांडी' हे जहाजावर पटणार नाही. मृत्यूनंतरची शिफारस कंपनी एका टाकीपुरती ठेवत नाही, सगळ्या जहाजांना सर्क्युलर जातं. म्हणजे दांडी ताफ्यातल्या प्रत्येक जहाजावर असेल. कथेला हे जास्तच सोयीचं आहे. खटकण्याचं काम दुसऱ्या कंपनीतून नव्यानं आलेल्या चीफ ऑफिसरला द्या: 'तुमच्याकडे सगळीकडे ही दांडी कशासाठी हो, सर?'

आधी टाकी निवडा. डबल बॉटम टाकी (जहाजाच्या दुहेरी तळातली) दीड-दोन मीटरच उंच असते, तिथे शिडीवरून पडून मरण्याचा अहवाल कोणी मान्य करणार नाही. फोरपीक घ्या. जहाजाच्या नाळेपाशी (पुढच्या टोकाला), एकच, मोठ्या जहाजावर पंधरा-वीस मीटर खोल, त्यामुळे 'तीच टाकी' म्हणायलाही अडचण नाही. तोंड म्हणजे साधारण ६०० बाय ४०० मिलिमीटरचं अंडाकृती मॅनहोल, झाकणाला कडेनं नटांची रांग.

टाकी किती दिवस रिकामी आहे हे पक्कं करा. एअर पाइप असतो, पण पाणी भरताना आणि उपसतानाच त्यातून खरी हवा खेळते. आदल्या रात्री पाणी उपसलं असेल तर टाकीनं बाहेरची ताजी हवा ओढून घेतलेली असते आणि तुमचा मृत्यू घडणारच नाही. काही आठवडे रिकामी, भिंती ओल्या, रंग उडालेला, झाकण बंद, असं हवं.

आता हवा. बाहेर ऑक्सिजन २०.९ टक्के. १६ च्या आसपास विचार गडबडतात, १० च्या खाली शुद्ध हरपते, ६ च्या खाली काही श्वासांत माणूस कोसळतो. लेखक हमखास चुकतात ते पुढे: अशा मृत्यूत गुदमरणं, गळा धरणं, धापा टाकणं नसतं. गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते, ऑक्सिजन कमी झाल्यानं नाही. इथे माणूस श्वास नीट सोडत असतो, त्याला काहीच कळत नाही. वासही नाही. (गाळातल्या हायड्रोजन सल्फाइडला वास असतो, पण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १००) पुढे नाक बधिर होऊन तोही येईनासा होतो. ही वेगळी वाट आहे, दोन्ही वायू एका कथेत घालू नका.)

यातूनच जुनं खोटं विश्वासार्ह होतं. खलाशी शिडीवर बेशुद्ध झाला आणि खरंच पडला. डोक्याला मार खरा, हाड मोडलेलं खरं. ऑक्सिजनअभावी आलेल्या मृत्यूच्या ठळक खुणा शवविच्छेदनात सापडत नाहीत, पडल्याच्या सापडतात. तुमच्या नायकानं अर्धंच खोटं लिहिलंय.

पुरावा. जुनी कागदपत्रं शोधत बसू नका. बॅलास्टची नोंदवही शेवटच्या नोंदीनंतर दोन वर्षं जहाजावर आणि पुढे तीन वर्षं कंपनीकडे ठेवायची असते. नऊ वर्षांनी ती नसेल तर कोणाला नवल वाटणार नाही. व्हीडीआरही (जहाजाचा ब्लॅक बॉक्स) गेला: तेव्हाच्या जुन्या यंत्रांना किमान १२ तासांचंच बंधन होतं, सेव्ह केलं नाही तर अर्ध्या दिवसात त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. (१ जुलै २०१४ नंतर बसवलेल्यांत ४८ तास आणि एका माध्यमावर ३० दिवस.) टिकतो तो मृत्यूचा फाइल केलेला अहवाल, कारण कंपनी तोच 'धडा' म्हणून वाटत असते, आणि त्याच्या जोडपत्रात त्या दिवसाच्या परमिटची प्रत. म्हणजे त्यानंच जोडलेली.

परमिटमधला दोष अक्षरात शोधू नका, वेळेत शोधा. टाकीतली हवा वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन पातळ्यांवर मोजतात. आधी ब्लोअर (टाकीत ताजी हवा ढकलणारा पंखा) चालला असेल तर तो बंद करून दहाएक मिनिटं थांबायचं, नाहीतर ताज्या हवेच्या झोतातलं रीडिंग मिळतं. मग मोजणाऱ्या यंत्राची नळी आत सोडायची. नळीतून हवा त्या यंत्रापर्यंत यायला दर मीटर लांबीला साधारण तीन सेकंद, म्हणजे वीस मीटरच्या नळीला एक मिनिट, वर आकडा स्थिरावायला आणखी एक मिनिट. तीन पातळ्यांना सहा मिनिटं. दहा आणि सहा, सोळा. जुन्या परमिटवर 'ब्लोअर बंद ०९:३०, प्रवेश ०९:३५' असू द्या आणि तिन्ही रकान्यांत २०.९. प्रत्येक नोंद सुटी पाहिली तर निर्दोष आहे. वजाबाकी केल्याशिवाय काही दिसत नाही, आणि नऊ वर्षांत ती कोणीच केलेली नाही.

कथा २०२५ च्या सुमाराला घडत असेल तर नियमांच्या तारखांनी तुमचं गणित नेमकं काठावर येतं. हवा मोजण्याचं हातातलं यंत्र जहाजावर ठेवणं सोलासनं (सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) १ जुलै २०१६ पासून सक्तीचं केलं (ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड मोजणारं). बंद जागेत शिरण्या-सोडवण्याचं ड्रिल दर दोन महिन्यांनी, हे १ जानेवारी २०१५ पासून. जुना मृत्यू जुलै २०१६ च्या आधी ठेवलात तर 'तेव्हा यंत्राची सक्ती नव्हती' अशी स्वतःपुरती सबब त्याला मिळते. मग आकडे कुठून आले, हा प्रश्न त्या सबबीला पुरून उरतो. माझं मत आधी ठेवण्याच्या बाजूचं.

एक भोक मात्र आहे. मॅनहोलपाशी उभा असलेला माणूस. कोणी आत असेल तर तोंडाशी एक जण रेडिओ घेऊन थांबतोच, आणि हवा मोजली की नाही हे त्यानं पाहिलेलं असतं. तुमच्या सांगाड्यात तो कुठेच नाही. त्यानं धावत आत का उडी घेतली नाही हेही सांगावं लागेल. बंद जागांत वाचवायला उतरलेलाच दुसरा बळी ठरतो, हे नेहमीचं आहे.

उभा_दांडा

तो तोंडाशी उभा असलेला माणूस म्हणजेच आजचा मेलेला बोसन, असं केलं तर? तेव्हा साधा खलाशी, गप्प राहिला, पुढे चढत गेला. सांगाड्यातलं भोकही बुजतं.

धोका एवढाच की वाचक लगेच 'साक्षीदाराचा काटा काढला' असं धरून चालेल. त्याला तसं धरू द्या, पण बोसन मेला तेव्हा सुपरिंटेंडंट जहाजावर नव्हता हे निर्विवाद ठेवा.

सहा हजारावर उघडणं मला जरा लवकर वाटतं, पण ते चवीचं. टाकीतल्या संवादांबद्दल मात्र आग्रहानं सांगतो: आत बोलणं लिहूच नका. पोलादी पेटीत थोड्या अंतरावरचं वाक्यही नीट कळत नाही, आणि श्वसनयंत्राचा मुखवटा असेल तर उरलंसुरलंही जातं. आत फक्त हातवारे, टॉर्च आणि मीटरची पिपाणी. माणसं बोलतील ती मॅनहोलच्या कडेला आणि केबिनमध्ये. पूर्ण कथेत टाकीत उतरणं तीनदा, त्याहून जास्त नाही. चौथ्यांदा वाचकाला जागेची सवय होते. प्रत्येक खेपेला एकच नवी गोष्ट दिसू द्या. पहिल्यांदा मृतदेहाची जागा, दुसऱ्यांदा दांडी, तिसऱ्यांदा मीटरवरचा आकडा.

अर्धी_ओळ

बोसनची कल्पना घेते, दांडी सगळ्या ताफ्यात करते. फोरपीकही पक्की. डबल बॉटमच डोक्यात होती, म्हणजे शिडीचा अहवाल पहिल्याच वाचकानं फाडला असता.

अजून दोन गाठी. ध्वजराष्ट्राचे (जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे त्याचे) अधिकारी मृत्यूची चौकशी करतातच, मग कंपनीच्या माणसाला किती मोकळीक असते? आणि ती वजाबाकी करणार कोण? नायक स्वतः करणार नाही, कॅडेटनं केली तर फार हुशार कॅडेट वाटतो.

नांगरसाखळी

दोन चौकश्या समांतर चालतात. १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार जहाजाच्या कामकाजाशी निगडित मृत्यू हा 'अतिगंभीर' अपघात, आणि त्याची सुरक्षा चौकशी ध्वजराष्ट्राला करावीच लागते. ती दोष ठरवण्यासाठी नसते. कंपनीची अंतर्गत चौकशी आयएसएम (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता) व्यवस्थेखाली, वेगळी. ध्वजराष्ट्राचा माणूस पोचायला एक-दोन दिवस लागले की तेवढाच तुमच्या नायकाचा वेळ. कथेचं घड्याळ आयतं मिळालं.

त्याला पाठवण्याचं कारण तिरपं शोधू नका. जवळच्या बंदरात असलेला तोच एक, आणि 'जहाज त्याच्या ओळखीचं आहे' ही कंपनीच्या लेखी पात्रता. एकदा त्यानं टाळायचा प्रयत्न करावा, अगदी वाजवी कारण देऊन. मग कबूल व्हावं.

मोकळीक फार नाही. मीटरमध्ये बहुधा डेटा लॉग असतो: कधी चालू केला, काय रीडिंग आलं, वेळेसकट. बोसनच्या दिवशी मीटर चालू झालाच नव्हता, हे त्याला पहिल्या तासात कळेल. ते पुसणं म्हणजे नवा गुन्हा, आणि ते त्यानं करू नये. जुन्याच गुन्ह्यानं तो अडकायला हवा. लॉग कोरा असण्यापेक्षा फसवा असलेला जास्त रंगतो. मीटर ताज्या हवेत २०.९ वर लावायचा असतो. कोणी तो मॅनहोलच्या काठावर, आतून येणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या हवेत लावला, तर तो तीच हवा २०.९ धरून चालतो आणि पुढची प्रत्येक नोंद वाढीव येते. फरक फार मोठा असेल तर बरेच मीटर असं लावून घेणं (कॅलिब्रेशन) नाकारतात, म्हणून फरक थोडाच ठेवा, आणि तळाचा आकडा मग बोसननं पाहिलाच नाही असं करा.

तिसरा_मसुदा

वजाबाकी कोणीच करायची नाही, ती घडवायची. तिसऱ्यांदा उतरण्याआधी परमिट लागणार, कारण टाकी पुन्हा उघडली आहे. परमिटवर सही त्याची नको, जहाजाच्या अधिकाऱ्याची. तो फक्त काठावर थांबलेला. नवा चीफ ऑफिसर नियमानं चालणारा आहे. ब्लोअर बंद करतो, थांबतो, नळी सोडतो. कॅडेट हुशार असण्याची गरज नाही, त्याचं काम फक्त वेळ लिहिण्याचं. हा प्रसंग लांब लिहा, आठशे-हजार शब्द. वाचकाला सोळा मिनिटं जड जाऊ द्या. मध्ये संवाद जवळजवळ नको, नळी किती मीटर गेली एवढंच कोणी म्हणत राहावं.

जुन्या परमिटची प्रत मात्र या प्रसंगाच्या दोन-तीन पानं आधी वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेली हवी, वेळांसकट, कसलीही टिप्पणी न करता, इतर चार कागदांबरोबर. ती प्रसंगानंतर दाखवलीत तर तो खुलासा होतो. आधी दाखवलीत तर वाचक स्वतःच मागे जाऊन ०९:३० आणि ०९:३५ बघतो.

त्यानंतर त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवा. बोसनच्या अहवालात कारण 'ऑक्सिजनची कमतरता' लिहिलं तर नऊ वर्षांपूर्वीच्या त्याच टाकीतल्या मृत्यूची फाइल पुन्हा उघडते. 'पाय घसरला' लिहिलं तर खरबरीत पट्टी आणि दांडी असताना का घसरला, हे ध्वजराष्ट्राचा माणूस विचारणार. 'कारण अनिश्चित' ही तिसरी वाट आधीच बुजवा: तिसऱ्या उतरण्यातला तळाचा आकडा चीफ ऑफिसरच्या हातानं लिहिला गेलाय आणि त्याची प्रत कॅप्टनकडे आहे. ब्लोअर चालवून झाल्यावरही तो १७ च्या आसपास ठेवा, म्हणजे त्या दिवशी न ढवळलेल्या टाकीत किती असेल याचा अंदाज वाचकच बांधेल. मात्र १७ ला कोणीही आत उतरत नाही, परमिट तिथेच रद्द होतं. म्हणजे तुमचं तिसरं उतरणं फक्त नळीचं. माणसं काठावरच राहतात, आणि उभा_दांडा यांचा तीनचा हिशेब तरीही जमतो.